लगतच्या पायांची मोजणी

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. भूकरमापक हा सरकारी शब्द. गावात आम्हाला ‘मोजणीवाले’ म्हणायचे, आणि आमची पाठ वळली की आणखीही काही म्हणायचे. त्यामुळे एकसष्टाव्या वर्षी एका मुलीनं माझ्या दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून “काका, आता आठ दिवस तुमची मोजणी,” असं जाहीर केलं तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला. राग जरा जास्त.

ती मुलगी फिजिओथेरपिस्ट. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की मेंदूकडून पायांकडं जाणाऱ्या वायरींवरचं आवरण जागोजागी खरवडलं गेलंय. हुकूम निघतो, पण पोचता पोचता अर्धा गळतो. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे लगेच समजलं. सुरुवात चौदा वर्षांपूर्वी झाली. हिवरे बाजारच्या अलीकडं एका डोंगरउताराला मोजणी चालली होती आणि माझ्या डाव्या पायातली चप्पल निघून पडली. मला पत्ताच नाही. मी तसाच ढेकळांतून पुढं चाललेलो. साखळी धरणारा शिपाई मागून ओरडला, “सायेब, चप्पल ऱ्हायली की मागं!” मी खाली पाहिलं तर तळव्यात काटा घुसलेला आणि रक्त आलेलं, पण दुखत काहीच नव्हतं. आधी कंबरेची नस दबली म्हणून वर्षभर शेक घेतला, लेप लावले, एका वैद्याचे कडू काढे प्यालो. मग एमआरआय झाला आणि खरं नाव कळलं.

तेव्हापासून डावा पाय माझा असून माझा नाही. त्याची बोटं उंबऱ्याला अडकतात. ऊन वाढलं की दोन्ही पाय ओल्या गोणपाटासारखे जड होतात. मी फिरती सोडून कचेरीत टेबलावर बसलो आणि नकाशे बघत निवृत्त झालो.

आता हे पट्टे कशासाठी, तर घरासाठी. आम्ही सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, राहत होतो असं म्हणायला हवं. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पुण्याची लेक दर फोनला म्हणायची, “बाबा, तळमजल्यावर जा आता. एक दिवस पडाल.” आणि मी दर फोनला चिडायचो. कारण ही इमारत उभी आहे ते शेत मी मोजलेलं आहे. माझी नगरला बदली झाली तेव्हा इथं नुसती ज्वारी. कापणीनंतरची धसकटं पोटरीला टोचायची. त्या शेताचे प्लॉट पडले, त्याच्या कोपऱ्यांचे दगड मी स्वतः उभं राहून रोवून घेतले. त्यातला एक अजून आमच्या फाटकाजवळ आहे, अर्धा सिमेंटात बुडालेला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की तो दिसतो. रोज सकाळी चहा घेताना मी त्या दगडाकडं बघायचो आणि मला आख्खं शेत दिसायचं, बांधावरच्या बाभळीसकट. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यांची बदलली, पण दगड मी ठेवला तिथंच आहे. ती गॅलरी मला सोडायची नव्हती.

लेकीनं शेवटी तोड काढली. “आठ दिवस मोजून घ्या. पाय दोन मजले झेपवतात असं निघालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघालं तर घर बदलायचं.” मी कबूल झालो. मोजणीला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

फिजिओच्या खोलीत मी आधी ऐटीत दहा मीटर चालून दाखवलं. ती म्हणाली, “इथं सगळेच छान चालतात काका. मला तुमचे पाय घरी काय करतात ते हवंय.” मग तिनं एक लांबलचक यादी वाचली. पँट घालताना कुठल्या पायावर उभे राहता? जिना चढताना आधी कुठला पाय? फरशीवरून पाय घासत नेता का? दार वाजलं तर उठून जाता का? प्रत्येक कामापुढं तीन रकाने: किती नीट जमलं, किती भरवसा वाटला, दुसऱ्याची मदत किती लागली. पहिल्या दोन रकान्यांत मी प्रामाणिक होतो. तिसऱ्यात सगळीकडं शून्य सांगितलं. तेही प्रामाणिकपणेच, कारण माझा हात धरून मला कोणी चालवत नाही.

बायको शेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी तिला म्हणाली, “काकू, माझ्याकडं पट्ट्यांची आणखी एक जोडी आहे. तुलनेला घरातलं धडधाकट माणूस लागतं. तुम्ही बांधाल?”

“तिचं काय मोजायचं?” मी म्हणालो. “ती घरातच असते.”

बायकोनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि साडी वर करून पाय पुढं केला.

पट्टे म्हणजे घड्याळाएवढ्या डब्या, डाव्याला लाल, उजव्याला निळी. आंघोळीपुरत्या काढायच्या. पहिल्या दिवशी मी सारखा त्यांच्याकडं बघत होतो, आणि बघता बघता मला माझी जुनी पावलं आठवली. आमची साखळी तेहतीस फुटांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. माझी बरोबर तेरा पावलं म्हणजे एक साखळी. खात्यात माझी ख्याती होती. पावलांनी अंदाज सांगायचो, मग साखळी टाकायची, आणि फरक निघालाच तर वीतभर.

बायको मला त्या पावलांमुळंच भेटली. मी राहात्याला होतो आणि पुणतांब्याला गोदावरीकाठच्या एका मळ्याची मोजणी निघाली होती. तिचे वडील शाळामास्तर, त्यांचा अर्धा एकराचा तुकडा त्या मळ्याला लागून. लगतचे खातेदार म्हणून ते छत्री उघडून बांधावर उभे होते, आणि ही त्यांच्यासाठी किटलीतून चहा घेऊन आली होती. मी पावलं टाकत चाललेलो बघून तिनं विचारलं, “पावलांनीच मोजता, तर मग साखळी कशाला?”

मी म्हणालो, “साखळी सरकारची. पावलं माझी.”

मग तीही माझ्या शेजारून चालू लागली, बापासमोर, भर दुपारी, पावलं मोजत. एका साखळीला तिची सतरा झाली. मी तेरात पोचून पलीकडं उभा, आणि ही मागून येतेय हसत. “थांबायचं तरी,” म्हणाली. मास्तरांनी छत्री बंद केली आणि खाकरले. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं.

त्यानंतरची वीस-एक वर्षं, माझा पाय बिघडेपर्यंत, असंच चाललं. बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात, मी पुढं आणि ती चार पावलं मागं. मी फाटकाशी जाऊन उभा राहायचो, घड्याळ बघायचो. “एकदा तरी बरोबर चला,” ती म्हणायची. मी म्हणायचो, तूच पाय उचल. काय माज होता त्या पायांचा! आता आठवलं की लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर ते पाय पुन्हा एक दिवसापुरते मिळावेत असंही वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मी लबाडी सुरू केली. लबाडी म्हणजे काय, तर रोज चारच्या चहानंतर हॉलच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या. गरज काही नाही, नुसता आकडा वाढावा म्हणून. मोजणीची नोटीस पोचली की गडी लावून दगड हातभर सरकवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. मी त्यांना बांधावर उभं करून झाडायचो. म्हणायचो, दगड सरकवून रान वाढत नसतं. आणि आता मी स्वतः पंखा लावून, भिंतीला हात टेकत, दगड सरकवत होतो. बायको कणीक मळता मळता म्हणाली, “अहो, फरशी झिजेल.”

चूक मात्र मी नोकरीत एकदाच केली. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की एकट्या शेताची मोजणी होत नाही. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस द्यायची, त्यांना बांधावर बोलवायचं, शेवटी त्यांचे जबाब घ्यायचे. कारण एकाची हद्द म्हणजे दुसऱ्याचीही हद्द. पूर्वेकडं पाथर्डीच्या बाजूला एकदा मोजणी होती आणि लगतचं सगळं कुटुंब ऊसतोडीला गेलेलं. घराला कुलूप. नोटीस दाराला चिकटवली, दोन दिवस वाट पाहिली आणि मी मोजून टाकलं. कोण पुन्हा एवढ्या लांब येणार! अर्जदारानं बोट दाखवलं ती खूण धरली. पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचं गाळप संपायच्या सुमाराला ती माणसं परत आली तर दगड त्यांच्या रानात. घरातला म्हातारा थेट कचेरीत आला. तो ओरडला नाही. टेबलाला दोन्ही हात टेकून त्यानं मला विचारलं, “सायेब, आमी हितं न्हवतो, म्हनून आमचं रान बी न्हवतं व्हय?”

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन फेरमोजणी केली. दगड उपटून मागं घेतले. म्हाताऱ्याच्या बायकोनं मला भाकरी आणि ठेचा वाढला. तेव्हाच कानाला खडा लावला, की लगतच्याला विचारल्याशिवाय कधी मोजायचं नाही. खडा लावला तो शेतांपुरताच, हे कळायला पुढं पंचवीस वर्षं जावी लागली.

पाचव्या दिवशी ऊन तापलं होतं. मी हट्टानं दुपारीच खाली गेलो, कारण जिना मोजला जावा. फाटकाजवळच्या दगडाला हात लावून आलो. वर येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर दोन्ही पायांनी जबाब दिला. पडलो नाही, कठडा धरून खाली बसलो. हाक मारायची लाज वाटत होती, पण हिला कसं कळतं कोण जाणे. ती पाण्याचा तांब्या आणि ओला टॉवेल घेऊन खाली आली. टॉवेल माझ्या मानेवर टाकला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

“तू का बसलीस?” मी म्हणालो.

“सोबत.”

 ती डाव्या गुडघ्यावर तळहात फिरवत होती. मी ते पाहिलं आणि माझ्या पायांचा विचार करत राहिलो.

आठ दिवसांनी आम्ही दोघं पट्टे घेऊन गेलो. मुलीनं डब्या मशीनला जोडल्या, दोन कागद छापून काढले आणि टेबलावर ठेवले. वर नाव नव्हतं, नुसता डब्यांचा नंबर. कागदावर दिवसागणिक उभ्या रेघा, लाल आणि निळ्या. नकाशा समोर आला की माझा हात आपोआप चष्म्याकडं जातो. मी एक कागद ओढून घेतला.

“हा माझा,” मी म्हणालो. “हे बघा. सगळा भार निळ्यावर, म्हणजे उजव्यावर. लाल नुसता मागं येतोय. जिना चढताना दर पायरीला उजवाच आधी, मग डावा त्याच पायरीवर, मग थांबायचं. एका पायरीला दोन ठेके. एवढं वाईट असेल असं वाटलं नव्हतं. पण दिवसातून दहा-अकरा वेळा जिना? हे काही मशीनचं चुकलंय.”

 मुलगी हळूच म्हणाली, “काका, तो कागद काकूंचा आहे.”

मी दुसरा कागद घेतला. त्यात जिना दिवसाला एकदा, फार तर दोनदा. बाकी लांब रिकाम्या जागा, आणि रोज चार ते साडेचार एकसारख्या ठासलेल्या रेघा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मुलीच्या ओठांवर हसू होतं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, “नंबर माहीत नसते तर यातला आजारी कोण हे मलाही सांगता आलं नसतं.”

मी बायकोकडं वळलो. “गुडघा कधीपासून?”

“झाली दोन वर्षं.”

“बोलली का नाहीस?”

“तुमची गॅलरी,” ती म्हणाली.

मग तिचा कागद मला वाचता येऊ लागला, एकेक रेघ. ही सकाळची, दुधाची. ही घंटागाडीची. ही पाण्याची मोटार चालू करायची आणि ही बंद करायची. ही भाजीवाल्याची. स्कूटरच्या डिकीत राहिलेला माझा चष्मा मी मंगळवारी खुर्चीतून हाक मारून मागितला होता. ती रेघही तिथं होती. घरातही तसंच. माझ्या कागदावर जिथं जिथं रिकामी जागा, तिथं तिथं तिच्या कागदावर दाट रेघा. दार वाजलं की ती, फोन वाजला की ती, पाण्याचा पेला तीच आणायची. माझं चालणं संपलं नव्हतं. ते तिच्या पायांवर चढलं होतं, आणि मी तिसऱ्या रकान्यात शून्य सांगून मोकळा झालो होतो. टेबलाला हात टेकून उभा असलेला तो म्हातारा मला तिथं दिसला. त्याचा प्रश्न ऐकू आला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

“यादी द्या,” मी मुलीला म्हणालो. तिसरा रकाना पुन्हा भरायचा होता. या वेळी प्रत्येक ओळीला मी बायकोला विचारत गेलो आणि ती सांगत गेली. काही ठिकाणी ती कमी सांगायची, मी वाढवायचो. शेवटी ती म्हणाली, “पुरे. जबाबावर सही करू का आता?” मोजणीवाल्याची बायको ती.

संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. म्हणालो, घर बदलतोय.  ती घाबरून म्हणाली, “बाबा, पाय इतके वाईट निघाले का?” मी म्हणालो, “माझे नाही, तुझ्या आईचे. नोटीसच दिली नव्हती तिला.” तिला ते कळलं नाही. आईनं फोन घेऊन समजावलं.

दोन गल्ल्या सोडून एका जुन्या बंगलीचा खालचा भाग भाड्यानं मिळाला. गल्ली बदलली, पण शेत तेच. मी नकाशा काढून खात्री केली. निघायच्या दिवशी मी गॅलरीत खुर्ची टाकून शेवटचा चहा घेतला आणि दगडाकडं बघितलं. वाईट वाटलं. आजही वाटतं. पण मी ते दगडाबद्दलचं वाईट वाटणं आणि तिच्या गुडघ्याबद्दलचं वाईट वाटणं शेजारी ठेवून पाहिलं, आणि मोजायची गरज पडली नाही.

इथं दार आणि फाटक यांच्यामध्ये मोकळं अंगण आहे. शेवगा आहे, घरमालकांची तुळस आहे. पहिल्याच संध्याकाळी माझी जुनी सवय जागी झाली. नजरेनं सांगितलं, तेहतीस फूट. टेपनं पाहिलं तर वीतभर कमी निघालं.

“चल,” मी बायकोला म्हणालो. “फाटकापर्यंत.”

तिनं गुडघ्याला पट्टा बांधला होता, माझ्या डाव्या पावलाला बोटं वर धरणारी पट्टी होती. ऊन उतरलं होतं. मी मनात मोजत होतो. तेरा झाली तेव्हा आम्ही शेवग्यापाशी होतो. मला पुणतांब्याचा बांध दिसत होता, किटली दिसत होती, मास्तरांची छत्री दिसत होती. सतराला तुळशीपाशी आलो. मग पुढं हळूहळू, ती उजवा टाकायची आणि मीही उजवा टाकायचो.

“चोवीस,” मी म्हणालो.

“माझीही चोवीस,” ती म्हणाली.

तीस-एक वर्षांत पहिल्यांदाच फाटकापाशी आम्ही दोघं एकदम पोचलो होतो.